डॉन पॅट्रिसियोच्या मागावर

बेलफास्ट, 14 मार्च 1914

टोपी घट्ट दाबून बसवा आणि कोटाची कॉलर वर करा. विंडसर पार्कवर पाऊस तिरका येतोय, आणि छत्री उघडलीत तर मागचे वीसजण एकदम ओरडतील. बसायला जागा नाही. उतारावर हजारो माणसांत तुम्ही खांद्याला खांदा लावून उभे आहात. ओल्या लोकरीचा आणि पाइपातल्या तंबाखूचा वास नाकात भरलाय. खाली आयर्लंड आणि स्कॉटलंड खेळताहेत आणि मैदानाचा पार चिखल झालाय.

खेळाडूंच्या पाठीवर नंबर नाहीत. ते यायला अजून पंचवीस वर्षं आहेत. त्यामुळे माणूस ओळखायचा तो त्याच्या चालीवरून. मधल्या फळीत बघा : रुंद खांद्यांचा, एक हात पोटाशी धरून धावणारा. तो पॅट्रिक ओकॉनेल, आयर्लंडचा कर्णधार. त्याचा हात मोडलाय.

‘मग तो बाहेर का जात नाही?’ असं शेजाऱ्याला विचारू नका, तो तुमच्याकडे वेड्यासारखा बघेल. या काळात बदली खेळाडू नसतो. एक बाहेर गेला की उरलेल्या दहांनी निभवायचं. आयर्लंडचा गोलरक्षक आधीच जायबंदी झालाय आणि त्याच्या जागी मैदानातलाच एक गडी गोलमध्ये उभा आहे. आता कर्णधारही गेला तर संपलंच. मोडलेल्या हातावर इलाज म्हणजे बादलीभर गार पाणी आणि स्पंज. ओकॉनेल दात आवळतो आणि पुन्हा चेंडूकडे धावतो.

आज काय पणाला लागलंय ते समजून घ्या. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड हे चार संघ 1884 पासून दरवर्षी एकमेकांशी खेळतात. आयर्लंड बहुतेक वेळा मारच खातो. 1903 साली विजेतेपद मिळालं, तेही तिघांत वाटून. पण या वर्षी रेक्सहॅमला वेल्सवर 2-1 आणि मिडल्सबरोला, इंग्लंडच्या अंगणात, इंग्लंडवर 3-0 असा विजय मिळालाय. आज बरोबरी साधली तरी विजेतेपद एकट्या आयर्लंडचं.

उत्तरार्धात स्कॉटलंड गोल करतो आणि सगळा उतार गप्प होतो. मग सामना संपत आला असताना सॅम यंगचा फटका जाळ्यात जातो. 1-1. तुम्हाला मिठी मारणारा माणूस कोण आहे, कुठल्या चर्चमध्ये जातो, हे या क्षणी कोणी विचारत नाही. एरवी या शहरात तो पहिला प्रश्न असतो. आयर्लंडला स्वराज्य द्यायचं की नाही यावरून बेलफास्ट दुभंगलंय, दोन्हीकडचे स्वयंसेवक कवायती करताहेत, आणि आणखी सहाच दिवसांनी ‘करा’ नावाच्या छावणीतले ब्रिटिश अधिकारी अल्स्टर प्रांतावर चालून जाण्यापेक्षा राजीनामे देऊ म्हणणार आहेत. अशा शहरात डब्लिनचा एक कॅथलिक कर्णधार दोन्ही बाजूंच्या पोरांना घेऊन जिंकलाय.

हा माणूस 1887 साली डब्लिनमध्ये जन्मला. बोलंडच्या पिठाच्या गिरणीत कामाला होता आणि सुट्टीच्या दिवशी फुटबॉल खेळायचा. 1908 मध्ये एलेनशी लग्न झालं. मग बेलफास्ट सेल्टिक, तिथून शेफील्डचा वेन्सडे क्लब, तिथून हल सिटी. प्रत्येक बदलीबरोबर घर हललं, पोरांची संख्या वाढत गेली. एलेनचं नाव लक्षात ठेवा. या प्रवासात ती मैदानावर कुठेच दिसणार नाही, पण तिच्याशिवाय हिशेब जुळणार नाही.

मँचेस्टर, गुड फ्रायडे, 2 एप्रिल 1915

खिशात सहा पेन्स ठेवा. ओल्ड ट्रॅफर्डवर उभं राहून बघायला तेवढे पुरतात. मैदान पाचच वर्षांचं आहे. एका बाजूला छताची गॅलरी, बाकी सगळं आभाळाखाली. पाऊस इथेही आहे, पण गर्दी विरळ आहे. युद्ध सुरू होऊन आठ महिने झालेत. पोरं फ्रान्सच्या खंदकांत मरत असताना धडधाकट माणसं चेंडू कसला लाथाडताहेत, असं वर्तमानपत्रं रोज विचारताहेत. हा हंगाम संपला की लीग बंद पडणार आणि लीगबरोबर पगारही. हे इथल्या प्रत्येक खेळाडूला ठाऊक आहे. चांगल्यात चांगल्या खेळाडूला आठवड्याला जास्तीत जास्त पाच पौंड द्यायचे असा नियम आहे, त्यात शिल्लक ती काय पडणार?

आयर्लंडच्या विजयानंतर मँचेस्टर युनायटेडने ओकॉनेलला हजार पौंड मोजून हलहून आणलं आणि कर्णधार केलं. ही आजच्यासारखी श्रीमंत युनायटेड नव्हे. गुणतक्त्यात ती तळाशी आहे, खालच्या श्रेणीत जायची वेळ आलीये. समोर लिव्हरपूल. पूर्वार्ध चांगला होतो, जॉर्ज अँडरसन गोल करतो. मध्यंतरानंतर मात्र डोळे उघडे ठेवा.

युनायटेडचा एनॉक वेस्ट चेंडू मिळाला की तो सरळ प्रेक्षकांत भिरकावतोय. बाजूच्या रेषेवर बिली मेरेडिथ, त्या काळचा सगळ्यात नावाजलेला विंगर, हात पसरून उभा आहे आणि त्याला कोणी पासच देत नाही. लिव्हरपूलचे काही गडी चेंडूमागे असे जाताहेत की चेंडू सापडला तर पंचाईत होईल.

आणि मग युनायटेडला पेनल्टी मिळते. ओकॉनेल पुढे येतो. चेंडू जागेवर ठेवताना बघा. चामड्याचा, एका बाजूला नाडी आवळून शिवलेला, पाणी पिऊन जड झालेला चेंडू. नाडीवर पाय बसला तर दिशा चुकते, म्हणून ती फिरवून बाजूला करायची हे कोणत्याही व्यावसायिक खेळाडूला पाठ असतं. ओकॉनेल मागे जातो, धावतो, मारतो. चेंडू खांबाच्या इतक्या बाहेरून जातो की गोलरक्षकाला हलायचीही गरज पडत नाही. तुमच्या आजूबाजूला आधी शांतता, मग शिट्ट्या, मग शिव्या. मोडलेल्या हातानं देश जिंकून देणारा तो हाच का, असं तुम्ही स्वतःलाच विचारता.

थोड्या वेळाने अँडरसन दुसरा गोल करतो. 2-0. शेवटी शेवटी लिव्हरपूलच्या फ्रेड पॅगनमचा फटका आडव्या दांड्यावर आदळतो, आणि त्याचेच साथीदार त्याच्यावर खेकसतात. गोल करायला निघालेल्या खेळाडूवर स्वतःच्याच संघाने ओरडावं, एवढ्यावरून शेजारच्या माणसाला सगळं उमगतं. तो थुंकतो आणि निघून जातो.

2-0 याच निकालावर सात पट भावाने खूप पैसे लागले होते. बुकींनी आरडाओरडा केला, पत्रकं निघाली, फुटबॉल असोसिएशनने चौकशी नेमली. डिसेंबर 1915 मध्ये निकाल आला. युनायटेडचे तीन आणि लिव्हरपूलचे चार अशा सातजणांवर तहहयात बंदी. त्या सातांतला सँडी टर्नबुल 1917 मध्ये अरासच्या लढाईत मारला गेला. बाकीच्यांना युद्धानंतर माफी मिळाली. वेस्टला मात्र तिच्यासाठी 1945 पर्यंत थांबावं लागलं. ओकॉनेलवर आरोप ठेवला गेला नाही. युनायटेड मात्र एका गुणाने वाचली. ती दोन गोलांची लबाडी नसती तर क्लब कदाचित खाली घसरला असता.

मैदानातून बाहेर पडा आणि शहरातल्या विटांच्या घरांच्या रांगांकडे चालत जा. अशाच एका घरात एलेन आहे. लीग बंद झाली की तिच्या घरभाड्याचं, कोळशाचं, दुधाचं काय, हा प्रश्न त्या पेनल्टीच्या मागे उभा होता असं मला वाटतं. त्यानं पेनल्टी निर्दोष ठरत नाही. पण पाच पौंडांवर राबवलेला आणि उद्यापासून तेही नाहीत असं सांगितलेला माणूस कुठल्या दडपणाखाली धावत आला, एवढं कळायला हवं.

ॲशिंग्टन ते सांतांदेर, 1922

युद्धाची वर्षं भराभर ओलांडा. ओकॉनेल युद्धकाळात या ना त्या क्लबसाठी पाहुणा म्हणून खेळतो, 1919 मध्ये एक हंगाम स्कॉटलंडच्या डंबार्टनमध्ये काढतो आणि मग नॉर्थम्बरलँडमधल्या ॲशिंग्टन या खाणकामगारांच्या गावात खेळाडू आणि व्यवस्थापक अशी दुहेरी जबाबदारी घेतो. वय पस्तिशीला आलंय, गुडघे बोलायला लागलेत. एलेन आणि चार मुलं मँचेस्टरलाच आहेत. आणि 1922 मध्ये एक दिवस तो स्पेनला निघून जातो. एकटा.

तुम्हीही त्याच्या मागोमाग उत्तर स्पेनच्या किनाऱ्यावर उतरा. सांतांदेर. एल सार्दिनेरोचं मैदान समुद्रकिनाऱ्याला लागून आहे. पाऊस इथेही चुकत नाही, त्यामुळे आयरिश माणसाला परकं वाटू नये. रासिंग क्लबला ब्रिटिश बेटांवरचा प्रशिक्षक हवा असतो, कारण फुटबॉल तिकडून आलाय आणि तिकडच्या माणसाला तो येतो असा स्पेनमध्ये ठाम विश्वास आहे. इथेच आधी फ्रेड पेंटलंड होता. तो बिलबाओला गेला आणि ओकॉनेल आला.

सरावाला रेषेजवळ उभे राहा आणि तो काय शिकवतो ते बघा. स्पॅनिश पोरं चेंडूमागे धावण्यात पटाईत आहेत. त्याला त्यांना चेंडू नसताना कुठे उभं राहायचं ते शिकवायचंय. तो बचावातल्या दोघांना पुढे-मागे उभं करतो. समोरचा आघाडीपटू पासची वाट बघत पुढे सरकतो, आणि नेमका पास सुटायच्या क्षणी ओकॉनेल बचावपटूला दोन पावलं पुढे यायला लावतो. आघाडीपटू मागे एकटा पडतो. ऑफसाइड! या वेळच्या नियमाप्रमाणे आघाडीपटू आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्यांचे तीन खेळाडू असावे लागतात, म्हणजे एकच बचावपटू पुढे सरकला तरी सापळा बंद होतो. 1925 मध्ये तिनाचे दोन झाले, सापळा अवघड झाला, तशी त्याने शिकवणही बदलली. त्याचं स्पॅनिश मोडकं आहे, पण दोन पावलं पुढे या हे सांगायला भाषा लागत नाही.

सात वर्षं तो इथे राहतो. रासिंग आपल्या प्रांतात अजिंक्य होतो. 1929 मध्ये स्पेनची राष्ट्रीय लीग सुरू व्हायची असते आणि दहा संघांपैकी नऊ ठरलेले असतात. दहाव्या जागेसाठी पात्रता स्पर्धा होते, आणि सेव्हियाला हरवून ती जागा रासिंग घेतो. आज जगभर जी ला लिगा बघितली जाते, तिच्या पहिल्या दहा संघांत रासिंग आहे तो या कवायतीच्या जोरावर.

मँचेस्टरच्या घराकडे अधूनमधून पैसे जातात. कधी येतात, कधी येत नाहीत. माणूस येत नाही.

सांतांदेर, 28 एप्रिल 1935

पुन्हा त्याच मैदानावर या, पण आता समोरच्या बाजूने. ओकॉनेल रेआल ओव्हिएदो करून दक्षिणेला सेव्हियात गेलाय आणि तिथल्या बेतिसचा प्रशिक्षक झालाय. स्पेनमध्ये प्रजासत्ताक आलंय, म्हणून क्लबांच्या नावातून ‘रेआल’, म्हणजे राजाचा, हा शब्द गळालाय. रेआल माद्रिद नुसता माद्रिद झालाय आणि बेतिस नुसता बेतिस बालोंपिए. खेळाडू आणि गावकरी ओकॉनेलला डॉन पॅट्रिसियो म्हणतात. डॉन म्हणजे आपल्याकडच्या ‘राव’सारखं, डब्लिनच्या गिरणीतल्या कामगाराला हा मान अंदालुसियाने दिला.

बेतिस हा श्रीमंत क्लब नाही. पहिल्या श्रेणीत येऊन त्याला तीनच वर्षं झालीत. पण संघाची बांधणी नीट बघा. बचावाला आणि कण्याला बास्क माणसं आहेत. गोलमध्ये उर्किआगा, पुढे आरेसो आणि आएदो, मध्ये लारिनोआ, आघाडीला उनामुनो आणि लेकुए. कॅनरी बेटांवरून आलेले गडी त्याला चपळाई देतात. थंड डोक्याचे उत्तरेकडचे आणि उष्ण पायांचे दक्षिणेकडचे यांची मोट ओकॉनेलने बांधलीये, आणि त्याला चटक जुनीच आहे, गोल होऊ द्यायचा नाही. 22 सामन्यांत बेतिसने 19 गोल खाल्ले. त्या काळात पाच-पाच, सहा-सहा गोलांचे सामने रोजचे असताना हा आकडा म्हणजे भिंत आहे.

आज शेवटचा दिवस. बेतिस माद्रिदपेक्षा एकाच गुणाने पुढे. जिंकलं तर विजेतेपद, घसरलं तर माद्रिद टपलेलंच आहे. आणि सामना कुठे, तर रासिंगशी, त्यानेच घडवलेल्या क्लबशी, त्याच्याच जुन्या मैदानावर. प्रेक्षकांत त्याच्या ओळखीचे चेहरे आहेत. तो बाकावर फारसा हलत नाही. बेतिस एक गोल करतो, मग दुसरा, मग थांबतच नाही. 5-0. शिटी वाजते तेव्हा हिरव्या-पांढऱ्या सदऱ्यातली पोरं एकमेकांच्या अंगावर कोसळतात. बेतिसचं हे पहिलं लीग विजेतेपद. तेव्हापासून आजवर दुसरं आलेलं नाही. सेव्हियात गेलात तर आजही म्हातारी माणसं डॉन पॅट्रिसियोचं नाव छातीवर हात ठेवून घेतात.

इथेच सेव्हियात त्याच्या आयुष्यात दुसरी बाई आली. आयरिशच, श्रीमंत घरात मुलं सांभाळायच्या कामावर आलेली. तिचंही नाव एलेन. त्याने तिच्याशी लग्न केलं. पहिली एलेन मँचेस्टरमध्ये जिवंत होती आणि दुसरीला तिचा पत्ता नव्हता.

व्हॅलेन्सिया, 21 जून 1936

बार्सिलोनाचा नवा अध्यक्ष जोसेप सुन्योल ओकॉनेलला सेव्हियाहून उचलून आणतो. वर्षभरात बार्सिलोना कॅतलोनियाची विजेती होते आणि प्रजासत्ताकाच्या चषकाच्या अंतिम सामन्यात पोचते. सामना मेस्ताय्याच्या मैदानावर, समोर माद्रिद.

उन्हाने डोळे दिपताहेत. मैदान कोरडं ठणठणीत आहे, प्रत्येक धावेबरोबर धुरळा उडतोय. सुरुवातीलाच माद्रिदचे दोन गोल होतात, आणि दुसरा करणारा कोण, तर लेकुए. बेतिसमध्ये ओकॉनेलच्याच हाताखाली जिंकलेला, आणि मग माद्रिदने विकत नेलेला. एस्कोला एक गोल फेडतो. 2-1.

अगदी शेवटच्या मिनिटांत माद्रिदच्या गोलजवळ सरका. एस्कोला जवळून, जमिनीलगत, खांबाच्या कडेला फटका मारतो. रिकार्दो झामोरा, स्पेनमधला सगळ्यात मोठा गोलरक्षक आणि एकेकाळचा बार्सिलोनाचाच, त्या कोपऱ्यात झेपावतो. धुरळ्याचा ढग उठतो. बार्सिलोनाचे लोक गोल झाला म्हणून टोप्या उडवतात. ढग विरतो आणि झामोरा उभा दिसतो, चेंडू त्याच्या हातात. चषक माद्रिदकडे जातो.

चार आठवडेही होत नाहीत तोवर सैन्याचा उठाव होतो आणि स्पेन यादवीत लोटला जातो. 6 ऑगस्टला ग्वादारामाच्या डोंगरात सुन्योलची मोटार चुकून बंडखोर सेनापती फ्रँकोच्या सैनिकांच्या हद्दीत शिरते. ते त्याला चौकशीशिवाय गोळ्या घालतात. ओकॉनेल त्या वेळी सुट्टीसाठी आयर्लंडमध्ये होता. परत येऊ नको असं त्याला कोणीही म्हणू शकलं असतं, आणि न येण्याला कोणी नावं ठेवली नसती. तो परत आला.

वेराक्रुझ, 1937

बार्सिलोनातल्या क्लबमध्ये आता कर्मचाऱ्यांची समिती कारभार बघते. लोक आघाडीवर आहेत, वर्गणी आटलीये, पगार कापलेत. अशात मेक्सिकोहून निरोप येतो. तिथे धंद्यात स्थिरावलेला मानुएल मास सोरियानो हा कॅतलन माणूस प्रवासखर्च आणि वर 15,000 डॉलर द्यायला तयार आहे, संघ मेक्सिकोत खेळायला पाठवा म्हणून. सोळा खेळाडू, प्रशिक्षक ओकॉनेल, सचिव रोसेंद कालवेत, एक डॉक्टर आणि मालिश करायला आंजेल मुर. मुर खरा मैदानाची देखभाल करणारा माणूस. आधीचा मालिशवाला येऊ शकत नव्हता, तेव्हा ओकॉनेलने त्याला हे काम दिलं. पुढे तो त्या कामात इतका तरबेज झाला की बार्सिलोनाने त्याला कित्येक दशकं सोडलं नाही.

वेराक्रुझच्या धक्क्यावर उभे राहा. जहाजाला शिडी लागते आणि बँड वाजू लागतो. मेक्सिकोचे अध्यक्ष लाझारो कार्देनास उघडपणे प्रजासत्ताकाच्या बाजूचे आहेत, त्यामुळे हा संघ इथे पाहुणा म्हणून आणि युद्धातल्या मित्राचा दूत म्हणूनही उतरतोय. खेळाडूंचे चेहरे नीट बघा. ते मैदानाचा विचार करत नाहीयेत. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा त्यांना भोंगा न वाजता झोप लागलीये.

सामने होतात, गर्दी लोटते. मेक्सिकोनंतर न्यूयॉर्क. पण खरा पेच मैदानाबाहेर आहे. परत जायचं कशाला? घरी बॉम्ब आहेत, आणि जिंकणार तर फ्रँकोच, हे दिसू लागलंय. ओकॉनेल आणि कालवेत कोणाला अडवत नाहीत. सोळापैकी नऊजण मेक्सिकोत राहतात, तिघे फ्रान्समध्ये. चारच परततात. राहिलेल्यांतला मार्ती व्हेंतोल्रा अध्यक्ष कार्देनास यांच्या पुतणीशी लग्न करतो. त्याचा मुलगा 1970 च्या विश्वचषकात मेक्सिकोकडून खेळला. एका दौऱ्याने इतक्यांचे प्राण वाचवले.

आणि पैसा? तो स्पेनमध्ये नेला असता तर युद्धात गडप झाला असता. म्हणून तो पॅरिसच्या एका बँकेत ठेवला गेला. मार्च 1938 मध्ये इटालियन विमानांनी बार्सिलोनावर बॉम्ब टाकले तेव्हा क्लबचं कार्यालय उद्ध्वस्त झालं, पण पॅरिसमधला पैसा सुखरूप राहिला. त्यातून देणी भागली. क्लब बुडाला नाही.

इथे क्षणभर थांबून दोन खाती शेजारी ठेवा. पॅरिसचं खातं, ज्यातला एक पैसा वाया गेला नाही. आणि मँचेस्टरचं, ज्यात कधी येत, कधी येत नव्हतं.

सेव्हिया ते लंडन, 1940 ते 1959

पुढचं झपाट्याने बघा. युद्ध संपल्यावर पुन्हा बेतिस. मग त्याच शहरातला कट्टर प्रतिस्पर्धी सेव्हिया, आणि 1943 मध्ये लीगचं उपविजेतेपद. मग परत सांतांदेर. वय साठीच्या पुढे, नवे प्रशिक्षक, नव्या पद्धती. हाका येणं थांबतं.

मँचेस्टरमध्ये ठेवलेल्या मुलांपैकी एकजण मोठा झाल्यावर बापाला शोधत सेव्हियात पोचला. ओकॉनेलने त्याला ओळखलं, घरी नेलं आणि दुसऱ्या एलेनला ओळख करून दिली, हा माझा पुतण्या. तुम्ही त्या खोलीत उभे असाल तर मुलाच्या तोंडाकडे बघा. अख्खी कारकीर्द त्याच्या बापाने ऑफसाइडची रेषा अचूक ओळखली होती, आणि घरातली रेषा मात्र त्याला कधी राखता आली नाही.

उतारवयात तो लंडनला आला. सेंट पँक्रस भागात भावाच्या आसऱ्याने, सरकारी मदतीवर. 27 फेब्रुवारी 1959 ला, एकाहत्तराव्या वर्षी तो गेला. केन्सल ग्रीनच्या सेंट मेरी दफनभूमीत त्याला पुरलं, वर दगड नाही, नाव नाही. बेतिसला विजेतेपद देणारा, बार्सिलोनाला सावरणारा माणूस अर्धशतकाहून जास्त काळ तिथे निनावी पडून होता. मग चाहत्यांनी आणि घरच्यांनी स्मृती-निधी उभारला आणि 2016 मध्ये कबरीवर नाव कोरलं गेलं. हे नाव शोधून काढण्यात आणि त्याची गोष्ट पुस्तकरूपाने लिहिण्यात पुढाकार कोणाचा, तर त्याने टाकलेल्या घराचा. त्याच्या नातसुनेने ते पुस्तक लिहिलं.

एवढ्या प्रवासानंतर मला एकच गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. ओकॉनेलचं कौतुक करताना लोक पेनल्टी आणि घर या दोन गोष्टी दडवतात, आणि टीका करताना बाकीचं सगळं. दोन्ही चूक आहे. मोडक्या हाताने खेळणारा, चेंडू मुद्दाम बाहेर मारल्याचा संशय ओढवून घेणारा, बॉम्ब पडणाऱ्या शहरात आपणहून परतणारा आणि चार मुलांना सोडून जाणारा, हा एकच माणूस आहे. त्याला तुकड्यांत सांगितलं की तो एकतर संत होतो नाहीतर लबाड, आणि दोन्ही रूपं खोटी. शिवाय तुकडे केले की एलेन प्रत्येक वेळी गळून पडते. एखादा माणूस जगभर क्लब उभारत फिरतो तेव्हा त्याच्या मागे कोणीतरी भाडं भरत असतं, पोरांना शाळेत धाडत असतं, आणि त्या कामाला ना पदक असतं ना गुणतक्ता.

तेव्हा यापुढे कोणी तुम्हाला म्हणालं की पॅट्रिक ओकॉनेलने बार्सिलोना वाचवली, तर मान डोलवा, ते खरं आहे. आणि लगेच विचारा, त्याचं मँचेस्टरचं घर कोणी वाचवलं? याचं उत्तर त्याच्या कारकिर्दीचाच भाग आहे : एलेनने. तिचं नाव त्याच्या नावाच्या शेजारी घ्यायची सवय करा.